चोर कोण? एर्न्स्ट लुबिच यांचा प्रश्न

आर्थिक मंदीच्या काळात समाज कोणत्या करमणुकीकडे वळतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. परंतु त्याचे उत्तर त्या काळाच्या मनःस्थितीवर आकडेवारीइतकाच प्रकाश टाकते. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार झाला. नेमक्या याच वर्षांत, नुकत्याच बोलू लागलेल्या रुपेरी पडद्यावर धनिकांचे महाल, त्यांची प्रेमप्रकरणे आणि त्यांच्या तिजोऱ्यांवर टपलेले उंची पोशाखातील चोर यांची गर्दी झाली. उपाशी माणसाला पक्वान्नाचे चित्र दाखवण्याचा हा प्रकार, अशी त्याची संभावना करणे सोपे आहे. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांचे जीवन आणि कार्य पाहिले म्हणजे हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

लुबिच यांचा जन्म २९ जानेवारी १८९२ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू शिंप्याच्या घरी झाला. वडील रशियन साम्राज्यातून तेथे येऊन स्थायिक झाले होते आणि स्त्रियांच्या कोटांचा त्यांचा व्यवसाय होता. मुलाने तो सांभाळावा, ही त्यांची स्वाभाविक अपेक्षा. मुलाचे मन मात्र रंगभूमीकडे. शाळा सोडल्यावर काही काळ दिवसा दुकानाच्या हिशेबाच्या वह्या आणि रात्री विनोदी भूमिका, असे दुहेरी आयुष्य तो जगला. १९११ मध्ये मॅक्स राइनहार्ट यांच्या सुविख्यात नाट्यसंस्थेत त्याचा प्रवेश झाला आणि पुढे तो मूकपटांकडे वळला. दुकानाच्या गल्ल्याजवळ काढलेली ती वर्षे मात्र वाया गेली नाहीत. गिऱ्हाइकाचा तोरा, मालकाची लहर आणि नोकराची लाचारी यांचे जे सूक्ष्म ज्ञान पुढे लुबिच यांच्या चित्रपटांत दिसते, त्याचे मूळ तेथेच शोधले पाहिजे.

१९१९ च्या 'मादाम द्यूबारी' या मूकपटाने त्यांची कीर्ती अटलांटिकपार नेली. १९२२ च्या अखेरीस अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या निमंत्रणावरून ते हॉलिवूडला गेले आणि तेथेच राहिले. १९२९ मध्ये 'द लव्ह परेड' हा त्यांचा पहिला बोलपट आला. ध्वनीच्या नावीन्याने भारावून बहुतेक दिग्दर्शक पात्रांना अखंड बोलायला लावत होते, त्या काळात लुबिच यांनी न बोलण्याचे सामर्थ्य ओळखले. बंद दार, भिंतीवरचे घड्याळ, पलंगावर पडलेल्या दोन सावल्या एवढ्यावर ते प्रसंग उभा करीत आणि उरलेला अर्थ प्रेक्षकाच्या बुद्धीवर सोपवीत. प्रेक्षक शहाणा आहे, हे त्यांच्या कलेचे पहिले गृहीतक होते.

या कलेचा उत्कर्ष म्हणजे 'ट्रबल इन पॅरडाइज'. आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला त्याच १९३२ साली हा बोलपट प्रदर्शित झाला. चित्र उघडते ते व्हेनिसमध्ये. पण रम्य चंद्रप्रकाशाऐवजी प्रथम दिसतो तो कचरा गोळा करणारा माणूस आणि कचऱ्याने भरलेली त्याची नाव. वैभवाला मागची बाजू असते, हे एका दृश्यात सांगून झाले. बॅरन म्हणवणारा गॅस्टन आणि काउंटेस म्हणवणारी लिली हे दोघेही खरे पाहता चोर. जेवणाच्या मेजावर ते एकमेकांच्या वस्तू लांबवतात आणि त्या कौशल्यावर भाळूनच एकमेकांच्या प्रेमात पडतात.

नंतर कथा पॅरिसला जाते. सुगंधी द्रव्यांच्या एका मोठ्या कंपनीची मालकीण मादाम कोले हिच्यापुढे संचालक मंडळ पगारकपातीचा प्रस्ताव मांडते. तिला धंद्याचा कंटाळा आहे आणि दुपारच्या भोजनाचे निमंत्रणही आहे. म्हणून पगार आहेत तसेच राहू देण्यास ती सांगते. हजारो संसारांचे भवितव्य मालकिणीच्या भोजनवेळेवर ठरावे, यापेक्षा तीव्र आर्थिक टीका कोणती? पुढे हीच बाई तीन हजार फ्रँकची पर्स महाग म्हणून नाकारते आणि सव्वा लाखाची विकत घेते. गॅस्टन ती पर्स चोरतो. परंतु ती परत करणाऱ्यास वीस हजारांचे बक्षीस जाहीर होते, तेव्हा विकण्यापेक्षा परत करणेच किफायतशीर, असा हिशेब करून तो ती घेऊन जातो आणि तिचा चिटणीस बनतो.

येथून चित्राचा खरा प्रश्न सुरू होतो. तिजोरी फोडण्यासाठी आलेल्या या चोराला हिशेब तपासताना कळते, की कंपनीचे वयोवृद्ध अध्यक्ष, मादामच्या दिवंगत पतीचे जुने स्नेही, वर्षानुवर्षे लक्षावधी फ्रँकची अफरातफर करीत आले आहेत. पगारकपातीचा आग्रह धरणारे ते हेच गृहस्थ. पण त्यांच्यासाठी पोलिसांना बोलावण्याची मादामची तयारी नाही, कारण ते प्रतिष्ठित आहेत. खालून वर चढत आलेला, स्वकष्टाने चोर झालेला माणूस असता तर पोलीस तत्काळ आले असते, ही विसंगती गॅस्टन तिच्या पदरात घालतो. प्रेक्षक हसतो, पण हसता हसता त्याला एक हिशेब कळून जातो.

त्याच वर्षीच्या 'इफ आय हॅड अ मिलियन' या अनेक दिग्दर्शकांच्या चित्रपटात लुबिच यांनी एका कारकुनाची अगदी छोटी कथा सांगितली. चार्ल्स लॉटन यांनी रंगवलेला हा कारकून रांगेतल्या टेबलाशी बसून काम करीत असता त्याला अनपेक्षितपणे दहा लाख डॉलरचा धनादेश मिळतो. तो शांतपणे उठतो, जिना चढतो, एकामागून एक दारे ओलांडून अध्यक्षांच्या खोलीत जातो, तोंडाने एक बेअदबीचा आवाज काढतो आणि दार ओढून घेतो. दुसऱ्याच वर्षी, १९३३ मध्ये, लुबिच ज्या पॅरामाउंट संस्थेत काम करीत होते ती दिवाळखोरीत गेली आणि मार्चमध्ये हॉलिवूडच्या मोठ्या चित्रसंस्थांनी आठ आठवडे पगारांत मोठी कपात लादली. पडद्यावरचा प्रस्ताव असा प्रत्यक्षात उतरला.

या मोकळेपणाला लवकरच आळा बसला. चित्रव्यवसायाने १९३० मध्ये स्वीकारलेली नीतिनियमावली १९३४ च्या जुलैपासून सक्तीने अमलात आली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती नको, कायद्याचा उपहास नको, पापाला शिक्षा हवीच, असा तिचा रोख होता. 'ट्रबल इन पॅरडाइज'मधील चोर शेवटी मोटारीत बसून सुखरूप निघून जातात. साहजिकच १९३५ मध्ये त्याच्या पुनःप्रदर्शनास मान्यता मिळाली नाही. चित्रपटातील चोरी मुलाबाळांना बिघडवील, ही काळजी अप्रामाणिक होती असे म्हणता येत नाही. पण प्रत्येक चित्रात चोर पकडला जावा असा नियम केला, की जगात प्रत्येक चोर पकडला जातो असा आभास निर्माण होतो. त्या आभासाचा लाभ खिसेकापूला होत नाही. अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्याला होतो.

लुबिच क्रांतिकारक नव्हते. १९३५ मध्ये ते पॅरामाउंटचे निर्मितिप्रमुखही झाले. वर्षभरातच ते पद गेले. त्याच १९३५ साली नाझी राजवटीने त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले आणि पुढील वर्षी ते अमेरिकन नागरिक झाले. १९४० च्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'मध्ये ते पुन्हा दुकानात परतले. बुडापेस्टमधील चामड्याच्या वस्तूंच्या या दुकानात एका नोकराला मालकाच्या खोट्या संशयापायी कामावरून काढले जाते. नोकरी जाण्याची भीती इतक्या हळुवारपणे क्वचितच चित्रित झाली असेल. १९४२ मध्ये 'टू बी ऑर नॉट टू बी' काढून त्यांनी हिटलरशाहीला हास्याच्या शस्त्राने उत्तर दिले. १९४७ च्या मार्चमध्ये त्यांना विशेष ऑस्कर मिळाले. हृदयविकाराने जर्जर झालेले लुबिच त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवर्तले.

ती नियमावली १९६८ मध्ये संपुष्टात आली. १९९१ मध्ये 'ट्रबल इन पॅरडाइज'ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतनासाठी निवड झाली. एकेकाळी समाजाला अपायकारक मानलेली कृती अशी राष्ट्रीय ठेवा ठरली. शिंप्याच्या दुकानात वह्या लिहिणाऱ्या मुलाने श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरून तेथील हिशेब तपासला होता, तोही आवाज न चढवता. करमणुकीला क्षुल्लक समजणाऱ्यांनी आणि तिच्यावर नियमांचा पहारा बसवू पाहणाऱ्यांनी, दोघांनीही, हे ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.