सदाशिवरावभाऊ पेशवे

सदाशिवराव चिमाजी भट ऊर्फ सदाशिवरावभाऊ (जन्म: १७३०, मृत्यू: १४ जानेवारी १७६१, पानिपत) हे मराठा साम्राज्याचे सेनानी व पेशव्यांचे कारभारी होते. चिमाजी अप्पा हे त्यांचे वडील, तर नानासाहेब पेशवे हे चुलत बंधू. उदगीर येथील विजय आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच पानिपतावर झालेला पराभव यांमुळे ते इतिहासात परिचित आहेत. त्यांच्या मृतदेहाची ओळख पटवली गेली, तरी त्यांच्या मृत्यूविषयीचा संशय पुढे अनेक वर्षे टिकून राहिला.

प्रारंभीचे जीवन

जन्मानंतर थोड्याच दिवसांत सदाशिवरावांच्या मातोश्री रखमाबाई निवर्तल्या. १७४० मध्ये वडिलांचेही निधन झाले. त्यांचे संगोपन आजी राधाबाई यांनी केले, तर राज्यकारभाराचे शिक्षण त्यांना रामचंद्रबाबा शेणवी यांच्याकडून मिळाले. १७४६-४७ मध्ये त्यांनी कर्नाटकातील पहिल्या स्वारीत भाग घेतला. १७५० पासून ते पुण्याच्या दरबाराचे कारभारी म्हणून काम पाहू लागले. हिशेबातील काटेकोरपणा आणि कडक शिस्त यांसाठी ते प्रसिद्ध होते. उमाबाई या त्यांच्या प्रथम पत्नी आणि पार्वतीबाई या द्वितीय पत्नी होत.

उदगीरची लढाई

१७५९ च्या अखेरीस अहमदनगरचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर सदाशिवरावांनी निजामाविरुद्ध मोहीम काढली. सध्याच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या परिसरात सलाबतजंग व निजामअली यांच्या फौजांना त्यांनी कोंडीत पकडले. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी या वेळी मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवत होता. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक लढाई झाली. तहानुसार सुमारे ६० लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांना मिळाले.

पानिपत

जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे मारले गेले. त्यानंतर अहमदशाह अब्दालीविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व सदाशिवरावांकडे आले. मार्चमध्ये परतूरहून निघालेल्या फौजेने ऑगस्टमध्ये दिल्ली आणि ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतले. मात्र पानिपतावर तिची रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत विश्वासराव पडल्यावर सदाशिवराव हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून शत्रूच्या गर्दीत शिरले. त्यानंतर ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत.

मृतदेहाची ओळख

शुजाउद्दौलाच्या सेवेत असलेल्या काशीराज पंडिताने या शोधाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. रणांगणावर शिर नसलेला एक मृतदेह सापडला. सदाशिवरावांना जवळून ओळखणाऱ्यांनी त्यावरील खुणा तपासल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता, पाठीवर मुजफ्फरखान गारदी प्रकरणातील कट्यारीच्या जखमेचा वण होता आणि तळपायावर शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा होत्या. सदाशिवराव रोज बाराशे नमस्कार घालत असत. त्या नमस्कारांचे घट्टे मृतदेहाच्या गुडघ्यांवर व हातांवर दिसले. शिर पुढे एका दुराणी स्वाराकडे सापडले आणि त्यालाही अग्नी देण्यात आला.

तोतयाचे प्रकरण

या खुणा पाहणारे साक्षीदार मोजके होते आणि ते पुण्यापासून फार दूर होते. पार्वतीबाईंनी पतीचे निधन मान्य केले नाही व सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. या संशयाचा लाभ सुखनिधान नावाच्या कनोजी ब्राह्मणाने घेतला. आपणच भाऊ आहोत, असे तो सांगू लागला. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवण्यात आले होते, परंतु १७७६ मध्ये तेथून सुटून त्याने कोकणात बंड उभारले व अनेक किल्ले घेतले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंड मोडले. पळालेल्या तोतयास आंग्र्यांनी पकडले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड देण्यात आला.

आधुनिक ओळखशास्त्राच्या दृष्टीने

विद्रूप झालेल्या मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी आज कवटीतील सायनसचा उपयोग होतो. भुवयांमागील हाडातील हवेच्या या पोकळ्या बालपणी वाढू लागतात आणि विशीच्या सुमारास त्यांचा आकार स्थिर होतो. त्यांची कड व पडदे व्यक्तीगणिक वेगळे असतात, जुळ्या भावंडांतही ते सारखे नसतात. ऑस्ट्रियन क्ष-किरणतज्ज्ञ आर्थर शूलर यांनी १९२१ मध्ये या उपयोगाकडे लक्ष वेधले. व्यक्ती हयात असताना काढलेला क्ष-किरण फोटो किंवा सीटी स्कॅन मृताच्या कवटीशी ताडून पाहतात. जुना फोटो नसेल, तर ही पद्धत निरुपयोगी ठरते. काही व्यक्तींत कपाळातील सायनस तयारच होत नाहीत.

सदाशिवरावांच्या बाबतीत ताडून पाहण्यासाठी ना पूर्वीची प्रतिमा होती, ना दहनानंतर कवटी उरली. तरीही पानिपतावरील साक्षीदारांनी अनुसरलेले तत्त्व हेच होते: हयातीत ठाऊक असलेली खूण मृतदेहावर शोधणे. मात्र त्यांच्याजवळची खूण केवळ त्यांच्या स्मरणात होती, दूरच्या माणसाला ती दाखवता येत नव्हती. त्यामुळे पंधरा वर्षांनंतरही तोतयावर विश्वास ठेवणारे लोक मिळाले.