जे.आर.डी. टाटा (मोटार व विमानाची हौस)

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा (जन्म : पॅरिस, फ्रान्स, २९ जुलै, इ.स. १९०४, मृत्यू : जिनिव्हा, स्वित्झर्लंड, २९ नोव्हेंबर, इ.स. १९९३) हे भारतीय उद्योगपती आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीचे प्रवर्तक होते. जेआरडी या आद्याक्षरांनीच ते ओळखले जात. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. तरुणपणी मात्र वेगवान मोटार व विमान चालवणारा हौशी खेळाडू हीच त्यांची मुंबईत ओळख होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याची ही बाजू प्रामुख्याने मांडली आहे.

बालपण

जेआरडींचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातेवाईक व व्यवसायातील सहकारी होते. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांनी पारशी धर्म स्वीकारून सूनी हे नाव घेतले. त्यांच्या धर्मस्वीकारावरून मुंबई उच्च न्यायालयात चाललेला व १९०८ साली निकाली निघालेला खटला कायद्याच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री असाही त्यांचा उल्लेख केला जातो. त्यामुळे जेआरडींची मोटारीची आवड घरातूनच आली, असे म्हणण्यास जागा आहे.

पाच भावंडांत जेआरडी दुसरे. त्यांचे शिक्षण फ्रान्स, जपान, मुंबई आणि इंग्लंड असे तुकड्यातुकड्यांत झाले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी जात. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचे घर तेथे जवळच होते आणि त्यांची विमाने पुळणीवर उतरत. पंधराव्या वर्षी जेआरडींनी तेथेच पहिल्यांदा विमानात बसण्याचा अनुभव घेतला.

१९२३ साली आईचे निधन झाले. पुढे फ्रेंच नागरिक या नात्याने सक्तीची सैनिकी सेवा करताना ते स्पाही या घोडदळाच्या पलटणीत होते. सोमूर येथील अश्वारोहणाच्या प्रसिद्ध शाळेत जाण्यासाठी त्यांना नोकरीची मुदत वाढवून हवी होती. वडिलांनी ते मानले नाही व १९२५च्या अखेरीस त्यांना मुंबईस बोलावून विनावेतन उमेदवार म्हणून कामाला लावले. पुढच्याच वर्षी वडीलही वारले आणि बाविसाव्या वर्षी कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला.

बुगाटी आणि मुंबईचे रस्ते

याच काळात जेआरडींकडे बुगाटी ही फ्रेंच बनावटीची मोटार होती. हिचे महत्त्व समजण्यासाठी तेव्हाचा मोटारीचा खेळ लक्षात घ्यावा लागतो. अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाटी यांच्या कारखान्यात हलक्या वजनाच्या, लहान पण चपळ गाड्या तयार होत. १९२४ साली लियों येथील ग्रां प्री शर्यतीत उतरलेली टाइप ३५ ही त्यांतील सर्वाधिक गाजलेली गाडी. अशा गाड्या कारखान्याच्या पगारी चालकांपुरत्या मर्यादित नव्हत्या. पदरी पैसा आणि अंगी धाडस असलेला कोणीही हौशी मनुष्य त्या विकत घेई, रस्त्याने चालवत शर्यतीच्या ठिकाणी नेई, शर्यत खेळे आणि त्याच गाडीतून घरी परते. शर्यतीत प्रत्येक देशाच्या गाड्यांना ठरावीक रंग असे. फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा, इटलीचा तांबडा.

भारतात मोटारींच्या चाचणी-स्पर्धा झाल्या होत्या. १९०४च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी एक दीर्घ चाचणी भरली होती, पण तिचा हेतू गाडी न बिघडता पोहोचते का, हे पाहणे हा होता. शर्यतीसाठी खास बांधलेला मार्ग इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथे १९०७ पासून असला, तरी मुंबईच्या हौशी चालकाला तसे काहीच उपलब्ध नव्हते. त्याच्यापुढे होते ते शहरातील रस्ते आणि पुण्याकडे जाणारा घाट. १८३० साली खुला झालेला बोरघाटाचा रस्ता खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत तीव्र चढाचा व वळणावळणांचा असल्याने गाडी आणि चालक या दोघांचीही परीक्षा पाही. सार्वजनिक रस्त्यावर असा खेळ खेळणे धोक्याचे होते, आणि त्याचा भुर्दंड बहुधा पायी चालणाऱ्यांना सोसावा लागे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

जेआरडींवरही मुंबईत गाडी भरधाव हाकल्याबद्दल खटला झाला. बचावासाठी ते जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे गेले आणि तेथे वकिलांची पुतणी थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांची ओळख झाली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला.

आगाखान पारितोषिक

मोटारीची जागा लवकरच विमानाने घेतली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच जेआरडी तेथे शिकू लागले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व भारत यांमधील अंतर कोणत्याही दिशेने, एकट्याने, ठरावीक मुदतीत प्रथम पार करणाऱ्या भारतीयास ते मिळणार होते. स्पर्धक एकाच वेळी, एकाच रेषेवरून सुटत नसत. आजच्या ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकेक करून सोडतात आणि चालकाची झुंज घड्याळाशी असते, तसाच काहीसा हा प्रकार होता. फरक इतकाच की येथे मार्ग हजारो मैलांचा होता आणि वाटेत वाळवंट व समुद्र होता.

तिघे स्पर्धक पुढे आले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. मनमोहन सिंग पोहोचले, पण मुदत उलटून गेल्याने त्यांचा विचार झाला नाही. अस्पी अवघे सतरा वर्षांचे होते. त्याच वर्षी आर.एन. चावला यांच्यासह विमानाने भारतातून इंग्लंडला जाऊन त्यांनी नाव मिळवले होते आणि आता ते इंग्लंडहून भारताकडे निघाले. जेआरडींनी उलट दिशा निवडली व ३ मे १९३० रोजी कराची सोडली. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, उघड्या बैठकीची, सुमारे शंभर अश्वशक्तीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची होती. बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारा किनारा एवढ्यावर भिस्त होती.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळील अबुकीर येथे जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेले होते. त्यांच्या इंजिनाचा प्लग निकामी झाला होता आणि जवळ जादा प्लग नव्हता. जेआरडींकडे होता. तो त्यांनी देऊन टाकला. अस्पींनी आपले तरंगते जाकीट त्यांना दिले, कारण अस्पींचा समुद्रावरचा प्रवास संपला होता व जेआरडींचा सुरू व्हायचा होता. दोघे आपापल्या दिशेने निघाले. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी कराचीस पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले.

हा प्रसंग बहुतेक चरित्रांत औदार्याचे उदाहरण म्हणून येतो. हौशी खेळाच्या दृष्टीने पाहता तो अधिक साधा आहे. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र बंद पडल्याने मिळालेला विजय हा विजय मानू नये, असा संकेत त्या काळच्या हौशी मंडळींत होता व जेआरडींनी तो पाळला. अस्पींसाठी मात्र या यशाने मार्ग खुला झाला. ते वायुदलात शिरले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. मनमोहन सिंग यांना दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे झालेल्या जपानी हल्ल्यात मृत्यू आला.

हौसेतून व्यवसाय

ब्रिटिश वायुदलातील माजी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी टपालसेवेची योजना मांडली तेव्हा जेआरडींना ती लगेच पटली. समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन यांच्या शब्दाखातर त्यांनी संमती दिली. सरकारकडून आर्थिक साहाय्य न घेण्याचे मान्य केल्यावर १९३२ साली करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जेआरडी पस मॉथ विमानातून कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी जुहूला उतरले. तेथून विन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले. जुहूचा तळ म्हणजे चिखलाचे मैदानच होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे. असे असूनही १९३३ मध्ये विमानांनी सुमारे १,६०,००० मैल पार केले, १५५ प्रवासी व दहा टनांहून अधिक टपाल वाहिले. वेळ पाळण्याचा जेआरडींचा हट्ट येथे कामी आला. पूर्वी तासांची बचत हा स्वतःपुरता खेळ होता. आता टपाल वेळेवर पोहोचवणे ही जबाबदारी झाली होती.

या हौसेची किंमतही कुटुंबाने मोजली. धाकटे बंधू जमशेद ऊर्फ जिमी १९३६ मध्ये विमान अपघातात मरण पावले. विन्सेंट १९४२ मध्ये विमानप्रवासातच बेपत्ता झाले.

उत्तरायुष्य

२६ जुलै १९३८ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले व १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले. टाटा एअरलाइन्सचे १९४६ साली एअर इंडियात रूपांतर झाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस या विमानाने मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरीही सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. प्रवासात चहाच्या रंगापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत बारीकसारीक उणिवा टिपून ते अधिकाऱ्यांना लेखी कळवत. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना या पदावरून दूर केले.

मोटारींच्या क्षेत्रात १९४५ साली स्थापन झालेल्या टेल्को कंपनीने १९५४ पासून डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने मालमोटारी बनवल्या. संपूर्ण भारतीय आराखड्याची इंडिका ही टाटांची मोटार १९९८ साली, म्हणजे जेआरडींच्या निधनानंतर पाच वर्षांनी आली. स्वातंत्र्योत्तर काळात हौशी मोटार शर्यतींना मैदान मिळाले ते बहुतांशी विमानांच्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, आणि मुंबईत जेआरडींनी टपाल उतरवलेले जुहू.

टपालसेवेच्या तिसाव्या वर्षी, १९६२ मध्ये, जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याच जातीच्या जुन्या विमानातून ते एकट्याने तिसऱ्यांदा त्या मार्गाने आले.

१९५५ साली पद्मविभूषण व १९९२ साली भारतरत्न या सन्मानांनी त्यांना गौरवण्यात आले. त्यांचे दफन पॅरिसमधील पेर लाशेज स्मशानभूमीत झाले.