बा. सी. मर्ढेकर : यंत्रनगरीतील रेषा

या घटकाकडे वळण्यापूर्वी एक छोटे निरीक्षण करू. पुण्याच्या नारायण पेठेत मुठेच्या काठी उभे राहिलात, तर नदीपात्रातून जाणारा मेट्रोचा उन्नत मार्ग समोर दिसतो. २०२३ च्या ऑगस्टपासून त्यावरून गाड्या धावतात. तो मार्ग कशासाठी बांधला, त्याने नदीचे बरे केले की वाईट, हे प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. फक्त रेषा पाहा. एक लांब आडवी रेषा नदीच्या वळणाबरोबर वळत जाते. तिच्याखाली खांबांच्या उभ्या रेषा ठरावीक अंतराने येत राहतात, आणि दूर जाताना ते अंतर कमी कमी होत गेल्यासारखे भासते. आडव्याला उभ्याचा विरोध आहे, खांबाखांबांत संवाद आहे, आणि सगळे मिळून डोळ्याला तोलून धरले जाते.

संवाद, विरोध, समतोल. हे तीन शब्द ज्यांनी मराठी सौंदर्यविचारात पक्के रुजवले, ते बाळ सीताराम मर्ढेकर ऐन तारुण्यात याच नदीच्या पलीकडे, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत होते.

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे. आडनाव त्यावरूनच आले. १९२८ साली ते पुण्याहून बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी आय. सी. एस. परीक्षेसाठी लंडनला गेले. परीक्षेत यश आले नाही. १९३३ मध्ये ते परतले, पण रिकाम्या हातांनी परतले असे म्हणता येणार नाही. चित्राचे मोल त्यातील विषयावर ठरत नाही, रंग आणि रेषा यांच्या रचनेवर ठरते, हा क्लाइव्ह बेल आणि रॉजर फ्राय यांचा विचार तेव्हा इंग्लंडमध्ये गाजत होता, आणि टी. एस. एलियट यांनी महानगराला कवितेत आणून ठेवले होते. पुढच्या मर्ढेकरांत या दोन्ही गोष्टी सापडतात. सापडत नाही ते त्यांचे सुखाने एकत्र नांदणे, आणि आपल्याला तेच पाहायचे आहे.

परतल्यावर त्यांनी काही काळ वृत्तपत्रात काम केले, इंग्रजीचे अध्यापन केले आणि १९३८ पासून आकाशवाणीत नोकरी धरली. रेषेचा इतका विचार करणाऱ्या माणसाचे पोट ध्वनीवर चालले, ही गंमत जाता जाता नोंदवून ठेवा. दरम्यान १९३७ साली त्यांचे ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यापासून १९५५ च्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पर्यंत त्यांचा विचार एकाच दिशेने वाढत गेला. तो थोडक्यात असा. प्रत्येक कलेला स्वतःचे माध्यम असते : संगीताला स्वर, चित्राला रंग आणि रेषा. या माध्यमातील संवेदनांची लयबद्ध संघटना म्हणजे सौंदर्य, आणि त्या लयीचे नियम तीन : संवाद, विरोध आणि समतोल. चित्रात गिरणीचे धुराडे आहे की देवळाचे शिखर, हा प्रश्न सौंदर्याच्या निवाड्यात गैरलागू ठरतो. दोन्ही उभ्या रेषाच आहेत.

येथे तुमच्या मनात शंका यावी, अशी माझी अपेक्षा आहे. धुराड्याखाली माणसे राबतात. ती उभी रेषा पाहताना त्यांना विसरायचे कसे? मर्ढेकरांना याची जाणीव नव्हती असे समजू नका. साहित्याचे माध्यम नुसती संवेदना नसून भावनेने भारलेला अर्थ आहे, हे त्यांनीच सांगितले. दिसायला भिन्न असलेल्या दोन वस्तू भावनेच्या पातळीवर समान ठरतात, या संबंधाला त्यांनी भावनानिष्ठ समतानता म्हटले.

आता त्यांच्या कवितेकडे या. १९३९ च्या ‘शिशिरागम’वर माधव जूलियनांच्या वळणाची छाया आहे, तो संग्रह येथे सोडून देऊ. खरे मर्ढेकर दिसतात ते १९४७ च्या ‘काही कविता’पासून. मुंबई बंदरातील माघातल्या पहाटेवरची त्यांची कविता तुम्ही वाचली असेल. तिच्यात काळोखातून वर येणारी घरे आहेत, धक्क्याला लागून निजलेल्या गंजक्या रंगांच्या बोटी आहेत, धूर आणि डांबरी रस्ता आहे. चित्र म्हणून पाहिले तर धक्का आणि बोटी यांची आडवी शांतता आणि तिच्यातून उठणारी घरे, इतकी साधी ही रचना आहे. पण बंदराला न्हालेल्या गर्भवतीचे रूप मिळते, आणि तेथे समतानता कामाला लागते. या शांततेच्या पोटात दिवसाची प्रचंड धांदल दडली आहे, हे कळताच आडव्या रेषा स्थिर राहत नाहीत. त्या ताणलेल्या वाटू लागतात. यंत्रनगरी सुंदर दिसू शकते, हे मराठी कवितेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

दुसरीकडे पिंपात मेलेल्या उंदरांची कविता. येथे बंदरासारखे मोकळे क्षितिज नाही. आहे ती एक बंद गोल आकृती आणि तिच्या आत निमूट संपलेले जीव. रेषा येथे भिंत झाली आहे.

भाषेच्या अंगाने एक मुद्दा सांगतो, कारण तो मला मोलाचा वाटतो. इंग्रजीत एकच शब्द जिथे भागतो, तिथे मराठीत रेषा, रेघ, ओळ आणि रांग असे वेगळे शब्द आहेत. भूमितीची ती रेषा, पाटीवरची रेघ, अक्षरांची ओळ, माणसांची रांग. मर्ढेकरांनी सिद्धान्त मांडला रेषेचा. कविता मात्र ओळ आणि रांग यांच्या साह्याने उभी केली. शहरातल्या माणसांना मुंग्या म्हणणाऱ्या कवितेत फक्त सर्वनाम बदलते आणि विधान तेच राहते. त्या पुनरावृत्तीने रांग दिसू लागते. कारकुनाच्या सकाळवरच्या कवितेत संतांची आखूड ओळ वीजगाडीच्या वेळापत्रकाला जुंपली आहे. भक्तीची लय आणि यंत्राची लय एकाच मापात बसतात, आणि त्या बसण्यातच विरोध जाणवतो. विषय गैरलागू मानला, तर या कवितांची निम्मी ताकद हातून जाते. माझ्या मते मर्ढेकर कवी येथे मर्ढेकर मीमांसकाच्या पुढे गेले आहेत. हे मत तुम्ही खोडून काढलेत, तरी उत्तरपत्रिकेत गुण जाणार नाहीत; कारणे मात्र द्यावी लागतील.

‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला. सरकारी नोकरीत असलेल्या माणसावर हे संकट आले होते. ते निर्दोष सुटले, आणि १९५१ मध्ये ‘आणखी काही कविता’ प्रसिद्ध झाला. ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’ या कादंबऱ्यांचा विचार तुम्ही कादंबरीच्या घटकात करालच.

‘सौंदर्य आणि साहित्य’ प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी, २० मार्च १९५६ रोजी, मर्ढेकर दिल्लीत निवर्तले. वय अवघे सेहेचाळीस. त्याच वर्षी या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला ते नव्हते. त्यांच्या सिद्धान्तावरचा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

स्वाध्याय : बंदरावरची कविता दोनदा वाचा. पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे येणारे फक्त आकार आणि दिशा टिपा. दुसऱ्या वाचनात तेथे कोण काय काम करीत आहे, एवढेच टिपा. कावड वाहून मान मोडलेला गवळी त्यात सुटता कामा नये. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पहिलीतील कोणते आकार दुसरीवाचून अपुरे राहतात, ते दहा ओळींत लिहा.