कर्करोगाचे भारतीय रूप उलगडणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

पानिपत : मराठी माणसासाठी पानिपत हे केवळ हरियाणातील एका शहराचे नाव नाही. १७६१ च्या रणसंग्रामानंतर पानिपत होणे म्हणजे सर्वस्व गमावणे, असा अर्थ मराठी भाषेत कायमचा रुजला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगाचे निदान रुग्णाच्या घरात याच अर्थाने ऐकले जात असे. आज त्याच पानिपतातील एखाद्या रुग्णाच्या तोंडातील न भरणाऱ्या जखमेचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत जातो, डॉक्टर त्यावरून रोगाचे नाव ठरवतात आणि तंबाखू खाता का, हुक्का किंवा विडी ओढता का, अशी विचारणाही करतात. ऊतींची तपासणी आणि रुग्णाच्या सवयींची चौकशी यांची ही सांगड भारतात घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

१३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्र, म्हणजेच पॅथॉलॉजी या विषयात एम.डी. पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. रुग्णांची रीघ लागेल अशा वैद्यकीय व्यवसायाऐवजी त्यांनी शवविच्छेदनगृह आणि सूक्ष्मदर्शक यांची वाट निवडली. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा श्रीमंत पाश्चात्त्य देशांचा आजार असून भारतात तो विरळा आहे, असा समज तेव्हा प्रचलित होता. खानोलकरांनी त्याला उत्तर दिले ते नोंदींच्या आधारे. मुंबईत पाहिलेल्या मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतात हा रोग विरळा नव्हता. त्याचे स्थान मात्र निराळे होते. येथे तोंड आणि घसा यांचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळत होते.

तो तेथेच का होतो, या प्रश्नाने त्यांना प्रयोगशाळेबाहेर नेले. १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी लोकांच्या रूढी आणि कर्करोग यांचा संबंध मांडला. चुना लावलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा खैनीचा कर्करोग आणि कमरेवर घट्ट कसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाच्या जागी उद्भवणारा धोतराचा कर्करोग या प्रकारांकडे त्यांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. पुढे एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासला. तो अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रकाशित झाला. रोगाचे मूळ माणसाच्या सवयीत असेल, तर तो टाळताही येईल, हा या साऱ्या कामाचा व्यवहारी अर्थ होता.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. संस्थेइतकेच त्यांनी माणसांकडेही लक्ष दिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे यांनी अमेरिकेतील संशोधनानंतर परतून या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अंतरंगाचा वेध घेतला. तोंड उघडणे हळूहळू अशक्य करणाऱ्या विकारामागे मिरचीतील तिखट द्रव्याचा हात आहे का, हे सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूवर प्रयोग करून तपासले. कुष्ठरोग हाही खानोलकरांच्या आस्थेचा विषय होता. कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून वेगळ्या केलेल्या जिवाणूचे संवर्धन या केंद्रात १९५८ मध्ये झाले आणि पुढे त्यावर आधारित लशीचे संशोधनही झाले.

मानसन्मान आपसूक आले. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण किताब त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

खानोलकरांच्या काळी निदानाचा मार्ग संथ होता. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, अल्कोहोल आणि झायलिनमधून काढायचा, मेणात बसवायचा, त्याचे अतिशय पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि मग पाहायचे. आजही याच मार्गावर सर्वाधिक भिस्त आहे. मात्र या प्रक्रियेत पेशींमधील बहुतांश मेद विरघळून जातो. खानोलकरांनी आयुष्यभर पाहिलेल्या काचपट्ट्यांवर जेथे मेद होता, तेथे बहुधा रिकामी जागाच उरलेली असे.

त्याच मेदाकडे आता संशोधकांचे लक्ष वळले आहे. पेशीचे आवरण प्रामुख्याने लिपिड या मेदरेणूंचे बनलेले असते. कर्कपेशी झपाट्याने वाढताना नवी आवरणे रचतात आणि त्यांच्यातील मेदरेणूंचे प्रमाण निरोगी पेशींहून वेगळे होते. मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे केले जाते. त्यातून ऊतीची जणू रासायनिक ओळखखूण मिळते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील झोल्टान ताकाच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या तंत्रात, विद्युतसुरीने कापताना निघणाऱ्या धुरातील मेदरेणू वाचून ऊतीचा प्रकार शस्त्रक्रियेदरम्यानच ओळखला जातो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील लिव्हिया एबरलिन यांच्या चमूने २०१७ मध्ये पेनासारखे उपकरण सादर केले. ते पाण्याच्या थेंबात रेणू टिपून सुमारे दहा सेकंदांत कौल देते. २५३ ऊतिनमुन्यांवरील चाचणीत त्याची अचूकता ९६ टक्क्यांहून अधिक आढळली. गाठ काढताना रोगट भाग मागे राहिला का, हे शस्त्रक्रिया सुरू असतानाच कळणे रुग्णासाठी मोलाचे आहे, कारण त्यावर दुसरी शस्त्रक्रिया टळणे अवलंबून असते.

तरीही यंत्राला रोग आपोआप कळत नाही. कोणती खूण कर्करोगाची आणि कोणती निरोगी ऊतीची, हे त्याला आधी शिकवावे लागते. त्यासाठी विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पारखलेले नमुनेच लागतात. त्यांची पारख चुकली, तर यंत्रही वेगाने चुकेल. खानोलकरांनी घातलेल्या पायाचे मोल येथे लक्षात येते. काळजीपूर्वक केलेले निदान, सलग ठेवलेल्या नोंदी आणि प्रशिक्षित माणसे यांच्याविना नवे तंत्र उभे राहू शकत नाही.

त्यांनी उभारलेले केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था म्हणून टाटा स्मारक केंद्रात सामावले गेले आणि नंतर नवी मुंबईतील खारघर येथे गेले. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव आहे. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने देशभरातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे विणले गेले आहे. हरियाणातही झज्जर जिल्ह्यातील बाढसा येथे एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे. पानिपतच्या रुग्णाला आता मुंबई गाठण्याची सक्ती उरलेली नाही. गरज आहे ती तोंडातील न भरणारी जखम वेळेवर दाखवण्याची, कारण वेळीच झालेले निदान म्हणजे पानिपत नव्हे, हेच खानोलकरांच्या कार्याचे सार आहे.