मार्क ट्वेनचे तीन पेपर

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या हॉस्टेलमध्ये कोणी झोपत नाही. अख्ख्या सेमिस्टरची जर्नल्स एका रात्रीत लिहून होतात. प्रॅक्टिकल ऑगस्टमध्ये झालेलं असतं, आपण लिहितो ऑक्टोबरमध्ये आणि तारीख मात्र ऑगस्टची टाकतो. मीही टाकली आहे, खोटं कशाला बोलू? त्यात काही बिघडतं असं कधी वाटलंच नव्हतं. या वर्षीच्या मिनी प्रोजेक्टने मात्र माझी चांगलीच जिरवली.

प्रोजेक्ट साधा होता. वर्कशॉपमधल्या सेफ्टी गॉगलचा पट्टा एका हाताने घट्ट-सैल करता येईल असं बकल बनवायचं. बकलची कल्पना माझी की माझ्या पार्टनरची, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोघींनाही मनापासून वाटत होतं की आपल्यालाच आधी सुचलं. सरांनी एवढंच विचारलं की कोणी कुठे तारखेनिशी लिहून ठेवलंय का. दोघींच्याही वह्या कोऱ्या! आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एकाच रूममध्ये राहून.

त्याच आठवड्यात पट्ट्यांची जुनी पेटंट शोधताना मला १८७१ सालचं अमेरिकेतलं एक पेटंट सापडलं. क्रमांक १,२१,९९२. विषय, कपड्यांसाठी कमी-जास्त करता येणारा आणि काढता-घालता येणारा पट्टा. शोधक, सॅम्युअल एल. क्लेमेन्स. नाव ओळखीचं वाटलं आणि एकदम ट्यूब पेटली. हा तर मार्क ट्वेन! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ‘टॉम सॉयर’ होतं, तोच लेखक. हा माणूस आमच्या लायनीतला होता हे कोणत्याच टीचरने सांगितलं नव्हतं.

सॅम्युअलचा जन्म १८३५ सालचा, मिसुरी राज्यातला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात तो वाढला. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. शाळा लवकरच सुटली आणि तो छापखान्यात उमेदवारी करायला लागला. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, छपाई झाली की तेच खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. हे खिळे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. नंतर तो नदीवर बोटीचा पायलट झाला, १८५९ मध्ये लायसन्स मिळवलं. १८६१ च्या यादवी युद्धाने बोटी बंद पडल्या, तेव्हा पश्चिमेकडे जाऊन पत्रकार झाला. मार्क ट्वेन हे टोपणनावही नदीवरचंच. पाण्याची खोली दोन वाव, म्हणजे बारा फूट, बोटीला धोका नाही, असा त्याचा अर्थ.

आता पहिला पेपर. वेस्टकोटच्या पट्ट्याचा प्रश्न चार-पाच वर्षं त्याच्या डोक्यात घोळत होता. १३ ऑगस्ट १८७१ च्या सकाळी त्याने ठरवलं की आज अंथरुणातून उठायच्या आत याचा निकाल लावायचा. ताणला जाणारा पट्टा सुचला. कपडे घालताना सुचलं की पट्टा लहान-मोठा करता यायला हवा आणि काढताही यायला हवा. म्हणून दोन्ही टोकांना दोन-तीन काजी ठेवायची आणि कपड्याला बटणं. लगेच बसून त्याने आकृती काढली. तोंड धुताना सुचलं की हा पट्टा पँटलाही चालेल, दुसरी आकृती! नाश्ता करून तो थोरल्या भावाकडे, ओरायनकडे गेला. त्याला आकृत्या दाखवल्या आणि तारीख-वार सगळं त्याच्या वहीत टिपून ठेवायला सांगितलं. बोलता बोलता बायकांच्या कॉर्सेटचीही आकृती तयार झाली.

सप्टेंबरमध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन अर्ज केला. तिथे कळलं की बाल्टिमोरच्या हेन्री लॉकवुड नावाच्या माणसाचाही तशाच पट्ट्याचा अर्ज आलाय. आता पेटंट कोणाला द्यायचं? त्या काळी अमेरिकेत अर्ज आधी कोणी केला यापेक्षा शोध आधी कोणी लावला हे बघायचे. (हा नियम तिथे २०१३ मध्ये बदलला. आपल्याकडे आधी अर्ज करणाराच पुढे.) पेटंट ऑफिसने दोघांकडे पुरावा मागितला. ट्वेनने कमिशनरला शपथेवर सगळी हकिगत लिहून दिली, अंथरुणापासून नाश्त्यापर्यंत. त्याच्याकडे मूळ आकृत्या होत्या आणि तारखेनिशी टिपण घेणारा भाऊ होता. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १९ डिसेंबर १८७१ ला पेटंट हातात पडलं. जगप्रसिद्ध लेखकाला तारलं कोणी, तर वहीतल्या एका नोंदीने!

पट्ट्याने तो श्रीमंत झाला नाही. १८७३ मध्ये त्याने आधीच गोंद लावलेल्या कात्रणवहीचं पेटंट घेतलं, ती मात्र चांगली खपली. १८८५ मध्ये इतिहासातल्या सनावळ्या पाठ करायच्या खेळाचं तिसरं पेटंट घेतलं. मधल्या काळात टॉम सॉयर आला, हकलबेरी फिन आला, स्वतःची प्रकाशन कंपनी निघाली. सगळं मस्त चाललं होतं.

दुसरा पेपर इथे येतो. जेम्स पेज नावाच्या शोधकाने खिळे जुळवणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. लहानपणी ज्याची बोटं खिळे उचलून दुखली, तो या यंत्राच्या प्रेमात पडणारच. १८८० पासून ट्वेनने त्यात पैसे घालायला सुरुवात केली आणि थांबलाच नाही. दीड लाखाहून जास्त डॉलर गेले. यंत्रात जवळजवळ १८,००० भाग होते. माणूस जे करतो तेच सगळं ते करायचं. खिळे उचलायचे, ओळ नीट बसवायची, नंतर खिळे परत खणात टाकायचे. चाललं की थक्क करायचं, पण चालायचं कमी आणि बिघडायचं जास्त.

तिकडे मेर्गनथालरने प्रश्नच बदलून टाकला. त्याचं लायनोटाइप खिळे उचलतच नव्हतं. गरम धातू ओतून पूर्ण ओळच पाडायची, काम झालं की वितळवून टाकायची. परत खणात टाकायची भानगडच नाही! १८८६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ट्रिब्यूनमध्ये कामाला लागलंसुद्धा. पेजच्या यंत्राचा अर्ज १८८७ मध्ये दाखल झाला, त्याला आकृत्यांचीच शंभरावर पानं. पेटंट मिळालं १८९५ मध्ये. पण त्याआधीच, १८९४ च्या शेवटी शिकागोच्या एका वर्तमानपत्रात यंत्राची चाचणी झाली होती आणि त्यात ते पुन्हा पुन्हा बंद पडलं. पेटंट ऑफिसात पास, छापखान्यात नापास. आज ते हार्टफर्डला ट्वेनच्या घराच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

प्रकाशन कंपनी तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये बुडाली होती. साठीला टेकलेला हा माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडाला. हा त्याचा तिसरा पेपर. दिवाळखोरीनंतर थोड्यावर तडजोड करून सुटायची वाट होती. त्याने आणि बायको ऑलिव्हियाने ठरवलं की पै न पै फेडायची. १८९५ च्या जुलैत तो जगभर व्याख्यानं द्यायला निघाला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि वॉटसन्स हॉटेलमध्ये राहिला. काळा घोड्याजवळ ती लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत आहे ना, तेच ते हॉटेल. मी कितीदा त्याच्यासमोरून गेलेय! दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला आणि ऑगस्टमध्ये घरी अमेरिकेत मोठी मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली. चोवीस वर्षांची होती. तिला शेवटचं बघताही आलं नाही. तरी तो लिहीत राहिला आणि १८९८ सालच्या सुरुवातीला कर्ज पूर्ण फिटलं.

तो जन्मला तेव्हा आकाशात हॅलेचा धूमकेतू होता. २१ एप्रिल १९१० ला तो गेला तेव्हाही धूमकेतू परत आलेला होता.

हे सगळं मी एका रात्री पार्टनरला सांगितलं. म्हणजे आधी बोलावं लागलं, मग सांगता आलं. ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली की तिलाही आता नक्की आठवत नाही, बकल कोणाला आधी सुचलं. मलाही आठवत नव्हतं. रिपोर्टवर आता दोघींची नावं आहेत, अक्षरांच्या क्रमाने. त्यात तिचं आधी येतं, चालेल.

आम्ही एक वही केली आहे. त्यात जे सुचेल ते त्याच दिवशी लिहायचं, खाली दोघींच्या सह्या. जर्नल्सचं अजून जमलेलं नाही. पण मागची तारीख टाकताना हल्ली पेन जरा अडखळतं.