परमवीर मेजर शैतानसिंह भाटी

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एका तरी वीरपुरुषाचे चरित्र असावे, हा प्रघात जुना व स्तुत्य आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही मेजर शैतानसिंह भाटी ह्यांचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. राजपूत कुळात जन्मलेल्या ह्या पुरुषाचा आपणां सर्वांस अभिमान वाटणे साहजिकच आहे. त्यांचे नाव मात्र मराठी कानास चमत्कारिक वाटते. आम्ही शिक्षकी करीत असता वर्गात ते उच्चारले की मुले हसत. परंतु रेझांग ला येथील हकीगत सांगून होईपर्यंत वर्ग अगदी निःशब्द होई.

मेजरसाहेबांचा जन्म 1 डिसेंबर 1924 रोजी तत्कालीन जोधपूर संस्थानातील फलोदी परगण्यात, बाणासर ह्या गावी झाला. हा सारा मुलूख वाळवंटाचा. वडील हेमसिंह हे संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढलेले व पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर लढलेले होते. घरी शिपाईपेशाचे असे बाळकडू मिळाल्यावर बालकाचा ओढा कोणीकडे असणार, हे सांगावयास नकोच. त्यांचे शालेय शिक्षण जोधपूरनजीकच्या चोपासनी येथील विद्यालयात झाले. तेथे फुटबॉलपटू म्हणून त्यांचा लौकिक होता. पुढे जोधपूरच्या जसवंत महाविद्यालयातून 1947 साली ते पदवीधर झाले.

1949 च्या ऑगस्टमध्ये ते संस्थानच्या दुर्गा हॉर्स ह्या घोडदळात अधिकारी म्हणून दाखल झाले. संस्थाने विलीन होऊन त्यांच्या फौजा भारतीय सेनेत सामावल्या गेल्या, तेव्हा त्यांची नेमणूक कुमाऊँ रेजिमेंटमध्ये झाली. नागा टेकड्यांतील मोहिमेत त्यांनी सेवा बजावली, तसेच 1961 सालच्या गोवा मुक्तीच्या कारवाईतही ते होते. गोमंतकाच्या स्वातंत्र्याचे थोडे ऋण ह्या मारवाडच्या सुपुत्राकडेही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. जून 1962 मध्ये ते मेजर झाले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि तेराव्या कुमाऊँ पलटणीस लडाखमधील चुशूलच्या रक्षणासाठी धाडण्यात आले. चुशूल येथे विमानांची धावपट्टी होती. ते गेले असते तर लेहकडील वाट शत्रूस मोकळी झाली असती. चुशूलच्या आग्नेयेस असलेली रेझांग ला ही खिंड मेजरसाहेबांच्या चार्ली कंपनीकडे सोपविण्यात आली. ह्या ठिकाणची उंची सुमारे 16,000 फूट. आपले कळसूबाईचे शिखर 5,400 फुटांचे. त्याच्या तिप्पट उंचीवर हे जवान मोर्चे खणून बसले होते. तेथील हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो. चार पावले चढताच धाप लागते आणि उघड्या हाताने लोखंडास स्पर्श केल्यास कातडी चिकटते. जवान बहुतेक हरियाणाच्या सपाट प्रदेशातील शेतकऱ्यांची मुले. हिमालयातल्या थंडीची त्यांना सवय नव्हती व पुरेसे उबदार कपडेही नव्हते. हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. त्यातून आणखी एक मोठी अडचण अशी की, मध्ये डोंगराचा उंचवटा आल्यामुळे आपल्या तोफांचा मारा खिंडीपर्यंत पोहोचू शकत नव्हता. सुमारे 120 माणसांनी जे काय करावयाचे, ते स्वतःच्या बळावरच करावयाचे होते.

18 नोव्हेंबर 1962 रोजी, रविवारी पहाटे, शत्रू समोरच्या घळींतून चढून येऊ लागला. तो टप्प्यात येईपर्यंत आपले जवान दम धरून राहिले व मग त्यांनी एकदम मारा सुरू केला. समोरून आलेले हल्ले असे परतविले गेले. तेव्हा शत्रूने तोफांचा भडिमार करून बाजूंनी व पिछाडीने चाल केली. मेजरसाहेब एका जागी बसून राहिले नाहीत. कंपनीच्या तुकड्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर विखुरलेल्या होत्या. उघड्यावरून, गोळीबारातून ते एका मोर्च्यावरून दुसऱ्यावर जात राहिले आणि जवानांस धीर देत राहिले. असे फिरत असतानाच ते गंभीर जखमी झाले.

जवानांनी त्यांस उचलून सुरक्षित जागी नेण्याचा प्रयत्न केला. पण त्यांच्यावर मशीनगनचा मारा होऊ लागला. आपणांस वाहून नेण्याच्या पायी ही माणसे मरतील, हे मेजरसाहेबांनी ओळखले. आपल्याला येथेच ठेवून तुम्ही निघा, अशी आज्ञा त्यांनी दिली. जवानांना ती पाळणे किती जड गेले असेल! त्यांनी त्यांस एका खडकाच्या आडोशास ठेवले. तेथेच त्या वीराने देह ठेवला. वयाची अडतीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे तेरा दिवस उरले होते.

कंपनीतील शंभराहून अधिक जवान त्या दिवशी कामी आले. 21 नोव्हेंबरला चीनने युद्धविराम जाहीर केला. थोडे जे बचावून परतले, त्यांनी सांगितलेली हकीगत पुष्कळांना खरी वाटली नाही. इतकी माणसे जागा न सोडता लढली, ह्यावर विश्वास बसेना. हिवाळाभर बर्फाने ते रणक्षेत्र झाकून ठेवले. 1963 च्या आरंभी एका लडाखी मेंढपाळाच्या दृष्टीस ते पडले आणि फेब्रुवारीत शोधपथक वर गेले, तेव्हा त्या जवानांची साक्ष खरी ठरली. गोठलेली प्रेते मोर्च्यांतच होती. कित्येकांच्या हातांतील शस्त्रेही सुटलेली नव्हती. जखमींची शुश्रूषा करणारे धर्मपाल दहिया ह्यांच्या हाती मलमपट्टीचे साहित्य तसेच होते. मेजरसाहेबही त्या खडकापाशीच सापडले. त्यांचा देह जोधपूरला आणून लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले आणि कंपनीतील आठ वीरांस वीर चक्र मिळाले. पुढे मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या एका तेलवाहू जहाजास मेजरसाहेबांचे नाव दिले होते.

आता समाजबांधवांस एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मेजरसाहेब राजपूत होते. पण ज्यांच्यासाठी त्यांनी स्वतःस मागे ठेवण्याची आज्ञा दिली, ते जवान बहुतेक सारे अहीर होते. त्यांच्याबरोबर जे मेले तेही बहुतेक अहीरच. खानदेशातील आपल्या घरांतून जी अहिराणी बोलली जाते, तिचे नावही आभीरांवरूनच आले, असे विद्वान मानतात. असे असता आपल्या सभामंडपात मेजरसाहेबांची तेवढी तसबीर लावावी आणि त्या शंभरांचा नामोल्लेखही करू नये, हे त्यांसच रुचले नसते. जो अधिकारी आपल्या माणसांच्या जिवाला आपल्या जिवाहून अधिक मोल देतो, त्याचा गौरव त्या माणसांस वगळून कसा होईल?

म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, दरवर्षी 18 नोव्हेंबरला जो कार्यक्रम करावयाचा, त्यास गावातील सर्व जातींच्या लोकांस आमंत्रण असावे, आणि तसबिरीखाली तेरावी कुमाऊँ, चार्ली कंपनी, ही अक्षरे ठळक लिहावीत. समाजातील तरुणांनी सैन्यात जावे, ही आमची इच्छा आहेच. जे जाणार नाहीत त्यांनीही आपापल्या कामात हाताखालच्या माणसाचा भार स्वतः सोसण्याचा हा धडा गिरवावा. मेजर शैतानसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मृतीस आमचे त्रिवार वंदन!