अकोल्याची वाट

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी गोपाळ पायी रत्नागिरीस गेला. परंतु त्या परक्या गावी त्याचा निभाव लागेना. हिरमुसला होऊन तो परतला. कऱ्हाडास कचेरीत उमेदवारी करावी, दवाखान्यात औषधे द्यावी, असे दिवस त्याने काढले. पोटाची सोय होत होती. पण शाळा सुटत चालली होती. येथेच राहावे, की पुन्हा अनोळखी मुलुखात जावे? एकदा हरून आलेल्या मुलाला हे ठरविणे सोपे नव्हते. तरीही त्याने दूर वऱ्हाडातील अकोल्याची वाट धरली.

तेथे नातलगांचा आधार होता. त्याहून मोठा लाभ म्हणजे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८७५ साली गोपाळ मॅट्रिक झाला. पुण्यास जाण्यापुरते पैसे जवळ नव्हते, तेव्हा शिक्षकांनीच मदत केली. डेक्कन कॉलेजात त्याच्यापाशी सदरा एकच. तो रात्री धुवावा आणि सकाळी अंगात घालावा!

एम. ए. झाल्यावर आगरकरांनी मोठ्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरविली आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम पत्करले. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.